गाडीपायी उचललेला बेलभंडार

पहिल्यांदा चाकातली हवा गेली तेव्हा मी दोन शिव्या हासडल्या आणि विसरून गेले. शिवाजी पेठेतल्या आमच्या गल्लीत दारात गाडी लावायची म्हणजे एवढं तेवढं चालायचंच. बोनेटवर फुटबॉल आदळतो, आरशात बघून कुणी भांग पाडतं, टपावर मांजरं झोपतात. पण त्या दिवशी सोमवार होता आणि आमच्या मालकांना आठच्या आत डायलिसिसला पोचवायचं होतं.

मालक म्हणजे माझा नवरा. दोन्ही किडन्या गेल्यापासून सोमवारी आणि गुरुवारी चार-चार तास मशीनवर. त्यांच्यासाठीच ही जुनी गाडी घेतली आणि पन्नाशीला टेकलेली मी क्लास लावून शिकले. गल्लीतल्या बायका चेष्टा करायच्या, "वैनी, लायसन काढलंय का नुसतंच दाबताय?" मी म्हणायचे, "फुडं उभी राहा, मग कळंल."

त्या सोमवारी रिक्षानं गेलो. पुढच्या गुरुवारी पुन्हा हवा गायब. त्याच्या पुढच्या सोमवारी दारापासून डिकीपर्यंत खिळ्यानं ओढलेला ओरखडा, आणि हवा गेलेली ती वेगळीच. मग आरसा फुटला. मंगळवार, बुधवार गाडीला कुणी बोट लावत नव्हतं. हे माझ्या ध्यानात आलं. कुणीतरी आमचे वार पाठ केले होते.

मालक रोज पहाटे काठी टेकत पायरीवर येऊन बसायचे, आत जीव घुसमटतो म्हणून. त्यांना विचारलं, कुणी दिसलं का? ते म्हणाले, "न्हाई ग. जाऊ दे. कशाला माणसं तोडतीस?" पोलिसांनी अर्ज लिहून घेतला. गल्लीच्या तालमीवरचा कॅमेरा गणपतीपासून बंद होता.

माझा संशय समोरच्या डेरीवाल्यावर. त्याचा दुधाचा टेम्पो पहाटे येतो आणि आमच्या गाडीपायी त्याला वळायला जागा होत नाही. दिवाळीत तो म्हणाला होता, "वैनी, ही गाडी एक दिवस उचलूनच ठेवतो, बघा." हसत म्हणाला होता, पण आता ते हसणंच मला खुपायला लागलं. भर रस्त्यात त्याला वाटेल ते बोलले.

मग एका गुरुवारी मागची दोन्ही चाकं बसलेली. पंक्चरवाला खाली वाकून बोट फिरवत म्हणाला, "वैनी, ह्यो खिळा नव्हं. बाजूनं दाभण खुपसलंय. ठरवून केलंय कुणीतरी." रिक्षा मिळून पोचेपर्यंत आमचं मशीन दुसऱ्याला दिलेलं होतं. उद्या संध्याकाळी या म्हणाले. घरी येईस्तोवर मालकांचे पाय भोपळ्यासारखे सुजले. आडवं पडलं की श्वास पुरेना, म्हणून उशीला टेकून बसले. डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं की पाळ्या चुकल्या तर फुप्फुसात पाणी भरेल, मग आमच्या हातात काही राहणार नाही. म्हणजे जो कोण होता तो गाडीवर उठलेला नव्हताच. माझा माणूस मारायला उठला होता.

शुक्रवारी मशीनवर पाणी काढलं तेव्हा कुठं त्यांचा श्वास सुधारला. रविवारी सकाळी मी गल्लीतल्या मारुतीपुढं ताट मांडलं. बेलाची पानं आणि भंडारा. घरटी एकानं येऊन उचला म्हटलं. बेलभंडार हातात घेऊन खोटं बोललं तर शपथ घरातल्या माणसावर फिरते, अशी आमच्याकडची समजूत. भलीभली शिकलेली माणसंही तिथं चाचरतात. लोक चिडले, पण आले. डेरीवाला सगळ्यांत पुढं. मूठ भरून म्हणाला, "मी केलं असंल तर माझा गोठा रिकामा हुंदे." त्याचे डोळे भरलेले होते, तरी माझं मन काही द्रवलं नाही. कोपऱ्यावरचे सीटकव्हर शिवणारे चाचा म्हणाले, "मी लेकीच्या डोक्यावर हात ठेवून सांगतो, बस का?" एकेक करून सगळे झाले.

शेवटी डेरीवाल्याची आई म्हणाली, "समद्या गल्लीनं उचलला. आता तुझंच घर ऱ्हायलं की ग!" सगळे हसले. मीही हसले आणि ताट घेऊन पायरीवर बसलेल्या मालकांपुढं धरलं.

त्यांनी हात पुढं केला नाही. मग मलाच ऐकू येईल असं म्हणाले, "मला उचलाय लावू नकोस."

मागं अख्खी गल्ली उभी होती. मी तिथंच मूठ भरली आणि वळून मोठ्यांदा म्हणाले, "आमच्या घरातलं कुणी न्हाई. दोघांच्या वतीनं मीच उचलते." डेरीवाल्यानं आधी मालकांकडं, मग माझ्याकडं बघितलं आणि तो आईला घेऊन आत गेला.

घरात आल्यावर दार लावून विचारलं, "का केलंसा असं?"

"कटाळलो ग," ते म्हणाले. "त्या सुया, त्या उलट्या. नको म्हणाय तोंड उघडलं की तू रडतीस. म्हटलं, गाडीच नसली तर तू तरी काय करशील?"

"आणि ओरखडा? आरसा?"

"नुसती हवा सोडली असती तर तू वळखलं असतंस."

"अहो, गल्लीला चोर ठरवलं मी! त्या भल्या माणसाला रस्त्यात नागवं केलं!"

"म्हणून तर हात लावला न्हाई भंडाऱ्याला. एवढं खोटं न्हाई जमत मला." मी ताट आपटलं, रडले, वाटेल ते बोलले. येता का उद्या, हे विचारायची मात्र माझी छाती झाली नाही. हो म्हणाले असते तरी विश्वास कशावर ठेवायचा?

सोमवारी सहाला बाहेर येऊन आधी गाडीकडं बघितलं. चाकं भरलेली होती. मालक आधीच गाडी उघडून पुढच्या सीटवर पट्टा लावून बसले होते.

"येताय?" मी विचारलं.

"न येऊन सांगतो कुणाला? खोटा भंडारा उचलून बसलीस की तू. आता मी मेलो तर जन्मभर म्हणशील, माझ्या शपथेनं गेले. चल, काढ गाडी."

मी किल्ली फिरवली. समोर डेरीवाल्यानं टेम्पो मागं घेतला, आम्हाला वाट दिली, आणि मला मान वर करून त्याच्याकडं बघता आलं नाही.