निर्गंधा आणि खरकट्याची ज्योत

तिला वास येत नव्हता. लहानपणी मोठा ताप आला, कसाबसा उतरला, आणि जाताना तेवढं एक सोबत घेऊन गेला. घरात आधी कुणाच्या ध्यानातच आलं नाही. मग एके दिवशी दूध करपून भांड्याचा कोळसा झाला, भिंतीपलीकडून शेजारीण ओरडली, आणि ही शेगडीकडे पाठ करून निवांत बाहुलीची वेणी घालत बसलेली. आत्याने आधी धपाटा घातला, मग तिला पोटाशी धरून रडली. थोरल्या भावाने मात्र त्याच संध्याकाळी तिचं बारसं उरकून टाकलं: निर्गंधा. पुढे हेच नाव चिकटलं. खरं नाव शाळेच्या दाखल्यावर झोपून राहिलं.

ती चिडली नाही. नाक गेलं म्हणून तिने बाकीच्यांना कामाला लावलं. दूध उतू जाण्याआधी भांड्याच्या काठाशी एक बारीक सळसळ होते, ती तिला दुसऱ्या खोलीतून ऐकू यायची. तेल तापलं की आधी त्याच्या अंगावर शहारा येतो, तो तिला दिसायचा. फळ नासायला लागलं की तिच्या अंगठ्याला आधी कळायचं. आत्या येईल जाईल त्याला सांगायची, "आमच्या पोरीला डोळे दोन, पण कान चार आहेत हो."

बाबा तंत्रशाळेच्या कँटीनमध्ये मुख्य स्वयंपाकी होते. मुलगी त्याच तंत्रशाळेत शिकायला आली तेव्हा त्यांनी ओळखीच्या प्रत्येकाला हाक मारून सांगितलं, आणि अनोळखी माणसालाही सोडलं नाही.

शेवटच्या वर्षाला मुलांना काहीतरी उपयोगाचं यंत्र करून दाखवावं लागे. तिच्या वर्गात एक गट होता. त्याच्या म्होरक्याला सगळे कप्तान म्हणत. त्याच्या हाताखाली लोखंडाची कामं करणारा लंबू आणि आराखडे काढणारी एक अबोल मुलगी, जिला चित्रकार म्हणत. कप्तानाच्या डोक्यात होतं की कँटीनचं खरकटं बंद टाकीत कुजवायचं, त्यातून निघालेला गॅस मोठ्या रबरी पिशवीत साठवायचा, आणि नळीने परत कँटीनच्याच शेगडीला द्यायचा. कल्पना झकास होती. फक्त खरकट्याला हात कोण लावणार, इथे गाडं अडलं होतं.

"आपल्याला तू हवीस," कप्तान एक दिवस तिच्यासमोर येऊन म्हणाला.

तिला आभाळ ठेंगणं झालं. "मी नळ्या जोडीन. चाव्या बसवीन. मला ते जमतं."

"ते आम्ही बघतो गं. तू बादल्यांचं बघ."

लंबूने जरा ओशाळून भर घातली, "राग मानू नकोस. पण असं सोयीचं नाक अख्ख्या तंत्रशाळेत दुसरं नाही."

तिने तो घोट गिळला आणि बादल्या उचलल्या. शिळा भात, बटाट्याची सालं, ताटात राहिलेला पाव, फळांचा चोथा. ते सगळं ती दगडी पाट्यावर ठेचायची, पाणी घालून कालवायची आणि टाकीच्या नरसाळ्यात ओतायची. बाकीचे तिघं नाकाला रुमाल बांधून लांबून सूचना करायचे. हळूहळू तिला टाकीचा स्वभाव कळायला लागला. फेस पांढरा आणि हलका असला की टाकी खुशीत. फेस जड, पिवळट झाला की पोट बिघडलंय, आज कमी खाऊ घाला. पण बादलीवालीला कोण विचारतं? तिला बादली नको होती. टाकीच्या तोंडाशी एक पितळी चावी होती, तिथून गॅस सोडायचा आणि बंद करायचा. त्या चावीवर आपला हात असावा, एवढंच तिला हवं होतं.

अंगणातल्या कोठीत टाकीशेजारची रबरी पिशवी पहिल्यांदा फुगली तो दिवस. मुलं नाचत होती. कार्यशाळेचे सर आले, पिशवी दाबून पाहिली, खूश झाले. या सरांची एक भुवई अर्धीच होती. तरुणपणी एका कारखान्यात गॅसचा भडका उडाला, त्यात ती गेली, आणि तेव्हापासून त्यांचा शिस्तीवरचा विश्वास दुप्पट झाला होता.

"सर, चावीवर मी बसू?" तिने विचारलं.

सरांचा चेहरा एकदम पडला. "तू? अगं, या कोठीत तर तू पाऊलसुद्धा टाकायचं नाहीस. बादल्या बाहेर ठेवायच्या आणि परत फिरायचं."

"का, सर?"

"गळती झाली तर पहिली नाकाला कळते. तुला कळेपर्यंत तू आडवी झालेली असशील. तुझ्या बाबांना मी काय तोंड दाखवू?"

सर वाईट बोलले नव्हते. म्हणूनच ते जास्त लागलं.

घरी ती बाबांसमोर बसून बटाटे सोलत राहिली. सोलले कमी, कापले जास्त.

"बटाट्याने काय घोडं मारलंय तुझं?" बाबांनी विचारलं. तिने सगळं सांगितलं. बाबांनी सुरी खाली ठेवली. मुलीच्या बाजूने बोलावं तर सरांचं खरं होतं, सरांच्या बाजूने बोलावं तर समोर मुलगी होती.

"बाबा, तुमच्या मागच्या दारी खरकट्याचे पिंप असतात. दिवसभर तो वास कसा सहन करता?"

"दिवसभर कुठला? सकाळी आत शिरलो की नाक झिणझिणतं. मग चहाची भांडी घासून होईस्तोवर काही नाही."

"म्हणजे वास जातो?"

"वास कुठे जातोय. पिंप तिथेच. आपलं नाकच कंटाळतं."

तिच्या हातातला बटाटा तसाच राहिला. आत्या आतून म्हणाली, "अगंबाई, ही हसली! आता काहीतरी उपद्व्याप होणार."

दुसऱ्या दिवशी सकाळी वर्गात आराखड्याचं काम होतं. निर्गंधाने टाकीतला गाळ भरलेली एक बरणी दप्तरातून आणली आणि मागच्या कपाटात ठेवली. झाकण जरासंच सैल. चित्रकाराने लगेच नाक मुरडलं, "कसला तरी वास येतोय." कप्तान म्हणाला, "हिच्या कपड्यांना असेल." सगळे हसले आणि कामाला लागले. थोड्या वेळाने निर्गंधा उठली, पट्टी शोधायच्या निमित्ताने झाकण आणखी सैल केलं. मग आणखी. दुपारी झाकण टेबलावर होतं, बरणी उघडी होती, आणि तिघं तिच्या शेजारी बसून मजेत डबा खात होते.

तेवढ्यात सर आत आले आणि दारातच थबकले.

"अरे, इथे काय मेलंय?"

"कुठे काय, सर?" कप्तान घास चावत म्हणाला.

सर नाक धरून थेट कपाटाशी गेले. बरणी पाहिली. मग मुलांची तोंडं पाहिली.

"सर," निर्गंधा उभी राहून म्हणाली, "गळती पहिली नाकाला कळते ना? इथे तीन चांगली नाकं आहेत."

लंबूचा घास घशात अडकला. सरांना हसू आवरत नव्हतं आणि हसायचंही नव्हतं. शेवटी बरणीला झाकण लावत ते म्हणाले, "ठीक आहे. नाकावर भरवसा नाही, हे पटलं. पण मग कशावर ठेवायचा, ते दाखव. परीक्षेच्या दिवशी मी स्वतः कुठेतरी एक सांधा सैल करीन. शोधलास तर चावी तुझी. नाही शोधलास तर कोठीत पाऊल नाही, आणि कँटीनच्या शेगडीला ही नळी मी जोडू देणार नाही."

आता हे एकटीचं राहिलं नाही. वर्षभराची मेहनत तिच्या पदरात येऊन पडली. कप्तानाने कपाळावर हात मारला, पण दुसऱ्या सकाळी काचेच्या नळ्या कापायला तोच तिच्यासोबत बसला.

तिने केलेली गोष्ट साधी होती. रुंद तोंडाची काचेची बाटली, अर्धी पाण्याने भरलेली, बूच घट्ट. टाकीकडून येणारी नळी पाण्यात बुडलेली, कँटीनकडे जाणारी नळी पाण्याच्या वर. शेगडी चालू असली की गॅस पाण्यातून बुडबुडत पुढे जाणार. शेगडी बंद असली की पाणी गप्प. आणि शेगडी बंद असूनही बुडबुडा उठला, तर समजायचं की पुढे कुठेतरी चोरवाट आहे. वाटेत तिने दोन जादा चाव्या बसवल्या, एक अंगणात आणि एक स्वयंपाकघराच्या आत. म्हणजे चोर कुठल्या आळीत आहे तेही कळावं.

परीक्षेच्या दिवशी प्राचार्य आले, बाकीचे वर्ग आले, कँटीनचे लोक हात पुसत बाहेर आले. सर पाना घेऊन एकटेच नळीवरून फिरून आले. मग म्हणाले, "शोधा."

कप्तानाला राहवलं नाही. तो नाक वर करून अंगणभर फिरला आणि टाकीजवळच्या वळणाशी छाती काढून थांबला. तिथे सकाळची बादली सांडलेली होती, एवढंच.

निर्गंधा बाटलीसमोर बसली. बुडूक. बुडूक. तिने लंबूला आतली चावी बंद करायला लावली. बुडबुडे चालूच. मग अंगणातली. पाणी गप्प झालं. ती उठली, अंगणातली चावी परत उघडायला लावून दोन चाव्यांमधल्या नळीवर साबणाचा फेस लावत गेली, आणि सांडपाण्याच्या पाइपामागच्या सांध्यावर फेस फुगून डोळ्यांसारखा बघायला लागला.

"हाच," सर म्हणाले. टाळ्या पडल्या. लंबूने सांधा आवळला. बाबांनी भलंमोठं पातेलं शेगडीवर चढवलं आणि काडेपेटी हातात घेतली. आत्या खास आली होती. ती शेजारच्या बाईला सांगत होती, "कान चार आहेत, चार."

निर्गंधा मात्र बाटलीपाशी परत गेली होती. साऱ्या चाव्या उघड्या, शेगडी बंद. बराच वेळ काही नाही. मग तळातून एक बुडबुडा सुटला, रेंगाळत वर आला आणि फुटला.

"थांबा. अजून एक आहे."

"मी एकच सैल केला होता," सर म्हणाले.

"मग हा खरा आहे, सर."

सगळ्यांनी नाकं वर केली. कुणालाच कसला वास येईना. जेवणाची वेळ टळत होती, प्राचार्य घड्याळ बघत होते. कप्तान तिच्या कानाशी आला. "अगं, जिंकलीस ना? आता हाताने पायावर धोंडा कशाला पाडून घेतेस? एवढ्याशा बुडबुड्याने काय होतंय?"

बुडबुडा नुसता नळीतल्या हवेचा निघाला, तर सगळ्यांसमोर नाचक्की, आणि चावी गेली ती गेलीच. तरी तिने मान हलवली.

"बाबा, काडेपेटी खिशात ठेवा."

मुख्य स्वयंपाक्याला त्याच्या स्वयंपाकघरात असं कुणी कधी बोललं नव्हतं. बाबांनी मुलीकडे पाहिलं आणि काडेपेटी मुकाट खिशात घातली.

तिने आतली चावी बंद केली. पाणी गप्प. म्हणजे चोर स्वयंपाकघरात. चावी परत उघडून ती सांध्यांवर फेस लावत गेली. पहिला गप्प, दुसरा गप्प, कोपऱ्यातलाही गप्प. लोकांची कुजबुज वाढली. शेवटी ती फरशीवर आडवी झाली आणि शेगडीखाली हात घातला. तिथे एकच सांधा उरला होता. तो कुणी तपासला नव्हता, कारण तो साक्षात सरांनी बसवला होता. तिने ब्रश टेकवला. फेस क्षणभर तसाच राहिला. मग त्याच्या कडेला मोहरीएवढे बुडबुडे फुगले, एकामागून एक.

"सर, बघा."

सर गुडघ्यांवर बसले, चष्मा सारखा केला, वाकले.

"ही जोडणी कोणाची?" त्यांनी आतूनच विचारलं. लंबू छताकडे बघायला लागला.

"तुमची, सर," निर्गंधा म्हणाली.

सर बाहेर आले. अर्ध्या भुवईवरून त्यांनी अंगठा फिरवला. "आणि मी इथे काडी ओढू देणार होतो," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. मग पाना तिच्यापुढे धरला. "आवळ. चावीही तुझी, कोठीही तुझी."

तिने आवळला. खिडक्या उघडल्या. सगळे बाटलीभोवती जमले आणि पाण्याकडे बघत राहिले. पाणी इतकं गप्प होतं की त्यात सगळ्यांची तोंडं दिसत होती.

"आता, बाबा," ती म्हणाली, आणि पितळी चावीवर हात ठेवला.

काडी लागली. शेगडीवर निळी फुलं उमलावीत तशी ज्योत गोल उभी राहिली. काल ताटात टाकलेला भात आज पातेल्याखाली जळत होता. बाटलीत बुडबुड्यांची एकच झुंबड उडाली, कँटीनभर आरडाओरडा झाला, लंबूने कप्तानाला खांद्यावर घेतलं आणि कप्तान वरून ओरडत होता, "मला नको रे, तिला!" आत्या कुणाच्या तरी गळ्यात पडून रडत होती. उघड्या खिडकीतून ज्योतीकडे बघत निर्गंधा कान देऊन उभी होती. पाण्याच्या त्या आवाजात तिला अख्ख्या कँटीनचं जेवण शिजताना ऐकू येत होतं.

पुढे तंत्रशाळेने तिला तिथेच ठेवून घेतलं. आसपासच्या खाणावळी आणि वसतिगृहं आता तिला बोलावणं धाडतात, आणि ती काचेची बाटली बगलेत मारून जाते. दरवर्षी नवी मुलं येतात. पहिल्या दिवशी ती त्यांना सांगते, "नाकं बाहेर ठेवा, डोळे घेऊन आत या." मुलं हसतात, मग बाटलीसमोर मुकाट बसतात.

सर आता थकलेत, तरी सकाळी एक फेरी मारतात. कोठीच्या दारात थांबतात आणि विचारतात, "येऊ का आत?"

"थांबा जरा, सर," ती म्हणते. वाकून पाणी बघते, कान देते, पुरती खात्री करून घेते. मग म्हणते, "हं, या."