वलांडीचा खड्डा

मी तापट आहे, हे आमच्या कोळीवाड्यात कुणाला सांगायला नको. दादरच्या बाजारात तीस वर्षं मासळी विकली की जीभ मवाळ राहतच नाही. पण पालिकेच्या ऑफिसात लावलेला तो नकाशा बघून माझी वाचाच बसली. आमच्या खळ्यावर, म्हणजे जिथे गावातल्या बायका बोंबील सुकवतात त्या जागेवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत परवडणाऱ्या घरांची इमारत काढलेली. बाजूला शेरा, ‘मोकळी जागा, वापर नाही.’

वापर नाही? अगं बाई! माझ्या सासूचं अख्खं आयुष्य त्या जागेवर उन्हात गेलं.

चूक कुठे झाली ते घरी येताना उमगलं. बोंबील वाळतात ते वलांडीवर. जमिनीत बांबू पुरायचे, त्यांना आडव्या दोऱ्या ताणायच्या, झाली वलांडी. पाऊस लागायच्या आधी आम्ही त्या सगळ्या उतरवतो, बांबू घराच्या आढ्याला बांधतो आणि ज्याने त्याने आपल्या खड्ड्यावर दगड ठेवायचा. मोजणीवाले आले ते नेमके भर पावसात. आम्ही त्यांना चहासुद्धा पाजला. पण ‘साहेब, ही जागा रिकामी नाही’ एवढं सांगायचं कुणालाच सुचलं नाही. आम्हाला ती रिकामी वाटतच नव्हती ना!

जागा समाईक आहे. अर्धी गावाची, अर्धी पालिकेची, पण मधे रेघ नाही. त्यामुळे त्यांना आमच्याशिवाय बांधता येत नाही आणि आम्हाला एकट्याने अडवता येत नाही. पालिकेतही दोन तोंडं. एका खात्याला घरं हवीत, दुसऱ्याला किनारा आणि खळं राखायचं आहे. त्या दुसऱ्या खात्याने पाहणीची तारीख लावली, तीही नारळी पौर्णिमेच्या आठ दिवस आधीची.

आणि खोटं कशाला बोलू, घर मलाही हवं होतं. दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही सहा माणसं मावेनात म्हणून मुलगा बायकापोरं घेऊन विरारला गेला. इमारतीत पहिला हक्क गावातल्यांचा होता. मुलाने फोनवर आधीच बजावलं, “आई, तू तिकडे जाऊन पहिली बोंब मारू नकोस हां.”

“मारणार,” मी म्हटलं. “मला घरही हवं आणि खळंही. दोन्ही.”

गावाच्या बैठकीत मी उठून सांगितलं, पाहणीच्या दिवशी वलांड्या उभ्या करा, म्हणजे त्यांना दिसेल तरी. आमचे म्हातारे गावपाटील मान हलवत म्हणाले, “दर्याला नारळ दिल्याशिवाय खळ्यात बांबू उभा राहनार नाय.”

“मग पालिकेच्या कागदावर सही करायलाही दर्यालाच पाठवा!” मी ओरडले आणि बाहेर पडले. माझं डोकं सटकलं होतं, पण घरी येऊन आढ्याकडे बघितलं तर बांबूला हात लावायची माझीही छाती होईना. सासूने कधी लावला नव्हता. रात्रभर तळमळले आणि सकाळी घरोघर गेले. म्हटलं, बांबू नाही ना उभे राहत? मग आपण उभ्या राहू.

पाहणीच्या दिवशी प्रत्येक घरची बाई आपल्या खड्ड्यावरचा दगड बाजूला करून तिथे उभी राहिली. या हातातून त्या हातात दोऱ्या ताणल्या. वरून भुरभुर पाऊस. कुणी हलली नाही. दोन्ही खात्यांची माणसं घेऊन पालिकेच्या मोठ्या मॅडम आल्या आणि खळ्याच्या तोंडाशीच थबकल्या.

“आत कुठून येऊ?” त्यांनी विचारलं.

“दोन ओळींच्या मधून,” मी म्हटलं. “आम्ही टोपल्या घेऊन जातो तशा.”

त्या शेवटच्या ओळीपर्यंत चालत गेल्या, प्रत्येक खड्डा बघितला. परत येऊन दोन्ही खात्यांच्या माणसांशी बराच वेळ बोलल्या. मग म्हणाल्या, इमारत अरुंद आणि उंच करून रस्त्याच्या कडेला सरकवता येईल, बाकीचं खळं वाळवणीसाठी राखीव लिहिता येईल. पण रस्त्याकडच्या चार ओळी जातील, आणि ज्यांच्या त्या आहेत त्यांचा होकार लागेल.

“कुणाच्या आहेत?”

दोरी माझ्या हातात होती. पहिली ओळ माझी होती, माझ्या सासूची, तिच्या सासूची. दोन्ही हवं म्हणून गावभर बोंबलत फिरले होते मी, आणि आता माझे पाय त्या खड्ड्यातून निघेनात. रडू आलं, सगळ्यांच्या देखत आलं.

“पहिली माझी,” मी म्हटलं. “लिहा.”

मग उरलेल्या तिघीही बोलल्या, एकेक करून.

नारळी पौर्णिमा झाली. दुसऱ्या दिवशी खळ्यात सगळ्यांच्या वलांड्या उभ्या राहायला लागल्या. मुलगा सणाला आला होता, तो सवयीने शिडी लावून आढ्यावरचे बांबू सोडायला चढला.

“राहू दे रे,” मी म्हटलं. “आपला खड्डा आता तुझ्या घराखाली जाणार.”

तो तसाच शिडीवर थांबला. मग त्याने सोडलेली गाठ पुन्हा बांधली.