न फोडलेला मातीचा लिफाफा

स्क्रीनवर नुसता भुरकट गोळा दिसत होता आणि मार्था माझ्या पाठीमागे श्वास रोखून उभी होती. पहिला स्कॅन पार वाया गेला होता.

फ्रीमाँटच्या आमच्या लॅबमध्ये एरवी बॅटऱ्या नि सर्किट बोर्ड येतात. वस्तू न उघडता एक्स-रेने आत बघायचं आणि कुठे तडा गेलाय ते सांगायचं, हे माझं काम. मार्था म्युझियमची क्युरेटर. तिने आणली होती बॅबिलोनची मातीची पाटी, साबणाच्या वडीएवढी, मातीच्याच लिफाफ्यात बंद. त्या लोकांची रीतच तशी. मेंढ्या राखायला दिल्या की ओल्या मातीवर करार लिहायचा, वर मातीचं पांघरूण घालायचं आणि त्यावर तोच करार पुन्हा लिहायचा. बाहेर कोणी खाडाखोड केल्याचा संशय आला, तर लिफाफा फोडून आतलं वाचायचं. बेरकी होते हो!

हा लिफाफाही अशाच मेंढ्यांच्या कराराचा, पण तो कोणी फोडलाच नव्हता. आता प्रदर्शनासाठी म्युझियमच्या डायरेक्टरला आतला मजकूर हवा होता, आणि स्कॅन जमला नाही तर तो लिफाफा कापणार होता. मार्थाने तो वर्षानुवर्षं जपलेला.

आमचा बॉस ग्रेग म्हणाला, पॉवर वाढव. त्याचं प्रत्येक दुखण्यावर हेच औषध. मी मार्थाला लिफाफा हळूच तिरका करायला सांगितलं. आत खुट्ट वाजलं. घ्या! पाटी आत सैल होती. स्कॅनमध्ये वस्तू गोल फिरवतात. डब्यात उरलेल्या एकट्या लाडवासारखी ती आतल्या आत हलत होती. मग चित्र स्वच्छ कुठून येणार?

मी फोमचा उतरता पाळणा कापला, म्हणजे पाटी आपल्याच वजनाने एका कोपऱ्याला टेकून राहील. स्पीड अगदी कमी केला. दुपारपर्यंत स्क्रीनवर अक्षरं उमटली, आणि मार्था एकेक ओळ बाहेरच्या मजकुराशी ताडून बघायला लागली.

"काय निघालं?" ग्रेगने विचारलं.

"बाहेर आहे तेच," मार्था म्हणाली.

"एवढा खटाटोप करून तेच?"

मार्थाने डोळे पुसले. "त्या मेंढपाळाला कोणी फसवलं नाही, ग्रेग."

लिफाफा कापणं कॅन्सल झालं.

काही दोष नाही असा रिपोर्ट दिला की आमचे कस्टमर बिलावर कुरकुरतात. इथे त्याच रिपोर्टवर बाई माझ्या गळ्यात पडली. तेव्हापासून 'नो डिफेक्ट' लिहिताना मी ओशाळत नाही.