टपावरचा एसी आणि खालचा अबोला

टपाच्या चौकोनी भोकातून आभाळ दिसत होतं आणि आभाळाच्या मधोमध ह्यांचं घामेजलेलं तोंड. झोपायची-रांधायची सोय असलेल्या आमच्या कॅम्पर व्हॅनचा जुना एसी ह्यांनी स्वतःच उपसून काढला होता. नवा वरून धरायला हे होते, पण खालून चार बोल्ट आवळायला कुणीतरी हवं होतं आणि घरात मी एकटीच. त्यात आमचा चार दिवस अबोला. विहीणबाईंसमोर हसून म्हणाले होते, "हिला गाडीतलं काय कळतंय?"

"खाली कुणी असेल तर पाना उचला," हे आभाळाला म्हणाले.

"ज्यांना कळतं त्यांनी उचलावा," मी शेगडीला म्हटलं.

पण उचलला. खरं सांगते, एक बोल्ट ढिला ठेवायचा फार मोह झाला. टप आणि एसीच्या मधली रबराची पट्टी सगळीकडून सारखी दाबली गेली नाही, की पावसाचं पाणी थेट गादीवर. संसारही असाच बसवलेला असतो बघा. टपावरचं लोकांना दिसतं आणि आवळणारी आत, मान वर करकरून अवघडलेली. त्या गादीवर मीही झोपते, म्हणून चारही बोल्ट आळीपाळीने, थोडेथोडे आवळले. राग गेला म्हणून नव्हे.

"झालं का?"

"कळणाऱ्यांनी बघून घ्यावं."

हे खाली आले, बटण दाबलं. गार वारा सुटला. शर्टाची बटणं सोडून हे त्याच्याखाली उभे राहिले. मी हात वर केला आणि एकेक करून एसीच्या सगळ्या झडपा माझ्या बाजूला फिरवल्या.