अध्यक्षांच्या घरची गळती

आमच्या गल्लीच्या पाणी समितीचा मी अध्यक्ष आहे. समितीत दुसरं कुणी नाही.

लातुरात नळाला पाणी येतं ते आठ-दहा दिवसांनी. ज्या वर्षी आमच्या गावाला रेल्वेनं पाणी आलं, त्या वर्षी मी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाच्या छपराखाली एक फळा लावला, त्यावर खडूनं ‘पाणी जपून वापरा’ लिहिलं आणि खाली सही ठोकली. निलंगा डेपोत वाहतूक नियंत्रक म्हणून जन्म काढलेला माणूस मी. फळा, खडू आणि लोकांवर ओरडणं निवृत्तीनंतरही सुटत नाही. समोरचे बिराजदार मास्तर एकदा पाइपनं स्कूटर धुताना सापडले, तर भर रस्त्यात त्यांचा असा उद्धार केला की पुढं त्यांनी ती स्कूटरच विकली. (ते म्हणतात, गुडघ्यांमुळं विकली. म्हणोत बापडे.)

माझी मुलगी रूपाली तंतोतंत माझ्यावर गेली आहे. उदगीरचं चांगलं स्थळ नाकारून तिनं नांदेडला नोकरी धरली, तेव्हा मी रागाच्या भरात म्हणालो, “आता या घरात यायचं तर विचार करून ये.” तिनं विचार केला. दीड वर्ष केला. आईला रोज फोन यायचा आणि मी समोर पेपर वाचायचं सोंग घेऊन ऐकत बसायचो.

मग मार्चमध्ये एक दिवस हिनं, म्हणजे आमच्या मंडळींनी, फोन माझ्याच हातात कोंबला. रूपालीला ऑफिसवाले दोन महिने ट्रेनिंगला हैदराबादला पाठवत होते आणि तिच्याकडं एक मांजर होतं.

“पप्पा, संभाळाल का?”

दीड वर्षानंतरचं हे पहिलं वाक्य. ती वाघ संभाळा म्हणाली असती तरी मी हो म्हणालो असतो. “हाव, आण,” म्हणालो आणि फोन घाईनं हिच्याकडं दिला.

आलं ते जवळपास वाघच होतं. मेन कून नावाची परदेशी जात, वजन आठ किलो, कानांवर केसांचे तुरे आणि शेपूट जळमटं काढायच्या झाडणीएवढं. रूपालीनं त्याचं नाव ब्रूनो ठेवलेलं. हिच्या तोंडी दुसऱ्याच दिवशी त्याचं ‘बुवा’ झालं. सोबत सूचनांचा कागद होता. बाहेर सोडायचं नाही, उंचावर बसायला जागा द्यायची, रोज दोनदा पळवून खेळवायचं. निघताना ती माझ्याकडं न बघता म्हणाली, “कंटाळला की खात न्हाई तो. लई जीव हाय माझा त्याच्यावर.”

बुवा तिसऱ्या दिवशी कंटाळले. मी कपाटावरच्या बॅगा खाली काढून त्यांना आसन करून दिलं. काठीला मोरपीस बांधून बाहेरच्या खोलीपासून स्वयंपाकघरापर्यंत गुडघ्यांवर रांगलो. (याच सुमारास दार उघडं होतं आणि बिराजदार मास्तर साखर मागायला आले होते. त्यांनी साखर न घेताच जाणं पसंत केलं.) बुवा वरून माझ्याकडं उशिरा आलेल्या गाडीच्या ड्रायव्हरकडं बघावं तसे बघत होते. वाटी भरलेली तशीच. संध्याकाळी रूपालीचा मेसेज आला, ‘खाल्लं का?’ मी हिला म्हणालो, हो म्हणून कळव. ती म्हणाली, खोटं तुम्हीच कळवा. मी कळवलं. खरं सांगतो, मला भीती वाटायला लागली होती. पोरीनं एवढ्या दिवसांनी एक गोष्ट विश्वासानं हातात दिलेली, आणि ती माझ्याच हातात सुकत चालली होती.

पाचव्या दिवशी सकाळी नळ आला. आमच्याकडं नळ उघडाच ठेवतात. आधी हवा फुसफुसते, मग पाणी येतं. त्या दिवशी फुसफुस ऐकू यायच्या आधीच बुवांचे कान उभे राहिले. कपाटावरून उडी टाकून ते थेट न्हाणीत गेले, धारेत पंजा घातला, धार पकडायला बघितली, चावली, डोक्यावर घेतली. नखशिखांत भिजून घरभर चार फेऱ्या मारल्या आणि वाटी चाटूनपुसून साफ केली. या जातीला पाण्याचं वेड असतं, हे मी नंतर वाचलं. लातुरात आणायला जात बरोबर निवडली होती!

पुढचं पाणी आठ दिवसांनी. तोवर बुवांनी काय करावं? शेवटी अध्यक्षांनी निर्णय घेतला. दुपारी चारला ही भजनाला गेली की मी न्हाणीत जाऊन निळ्या ड्रमची दांड्याची तोटी जराशी उघडायचो. पहिल्या दिवशी पाच मिनिटं. आठवड्यात पंधरा झाली. बुवा दोन वेळा जेवू लागले आणि मी रूपालीला खरेखुरे मेसेज पाठवू लागलो.

पण लातूरच्या बाईपासून पाणी लपवणं सोपं नाही. ही ड्रमवर नुसती टिचकी मारून आत किती पाणी आहे ते सांगते. ती म्हणाली, कुठंतरी गळतंय. मी म्हणालो, उन्हानं आटत असंल. ड्रमला झाकण होतं आणि न्हाणीत ऊन येत नव्हतं, हे तिनं मला शांतपणे दाखवून दिलं आणि नळवाल्या रशीदभाईंना बोलावलं.

रशीदभाईंनी न्हाणीच्या तीन फरश्या काढल्या. तेव्हाच बोलायला हवं होतं. पण बोललो तर तोटी बंद, तोटी बंद तर बुवा उपाशी, आणि बुवा उपाशी तर पोरीला काय सांगू? पहारीचा एकेक घाव माझ्याच टाळक्यात बसत होता. न्हाणीत काही सापडेना म्हणून त्यांनी व्हरांडा खणायला घेतला. बिराजदार मास्तर मागं हात बांधून खड्ड्याशी येऊन उभे राहिले आणि अध्यक्षांच्याच घरी गळती व्हावी याबद्दल त्यांनी मनापासून दुःख व्यक्त केलं.

तेवढ्यात चार वाजले. ही त्या दिवशी भजनाला गेलीच नव्हती.

बुवा आले. माझ्याकडं बघून ओरडले, न्हाणीच्या दारापर्यंत जाऊन परत आले, पंज्यानं माझा पायजमा ओढला. मी आढ्याकडं बघत उभा. मग ते एकटेच गेले, ड्रमपुढं मागच्या पायांवर उभे राहिले आणि पंज्यानं दांडा खाली ओढला. रोज बघत होते ना माझं! धार लागली. बुवांनी पंजा त्यात धरला आणि मान वळवून माझी वाट बघू लागले.

रशीदभाईंनी पहार खाली ठेवली. “काका,” ते म्हणाले, “लीकेज मिल गया.”

बिराजदार मास्तर वाकून न्हाणीतली धार बघून आले. मग हळूच म्हणाले, “स्कूटर विकायची घाईच झाली माझी.”

ही दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं तोटीखाली मोठी परात ठेवली. बुवांचं खेळून झालं की त्याच पाण्यानं फरशी पुसायची, उरलेलं कुंड्यांना घालायचं. एक थेंब जास्त जात नव्हता. इतक्या वर्षांच्या अध्यक्षपदात हे मला सुचलं नव्हतं.

मे महिन्यात रूपाली बुवांना न्यायला आली. ती चपला काढायच्या आत बिराजदार मास्तरांनी फाटकातच तिला सगळं सांगून टाकलं. तिनं उखडलेली न्हाणी बघितली, नऊ किलोचे बुवा बघितले, मग मला.

“पप्पा, लातुरात ऱ्हाऊन रोज पाणी सोडलं तुम्ही? तुम्ही?”

मी पेपर शोधू लागलो. “खात नव्हता तो,” म्हणालो.

ती हसत सुटली, हसत हसत खाली बसली, आणि मला रडू आलं. सिमेंटची धूळ गेली डोळ्यात, असं मी सगळ्यांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी बुवांची टोपली घेऊन एसटीत चढताना ती म्हणाली, “पुढच्या महिन्यात येते पप्पा. विचार न करता.”

परत येताना कोपऱ्यावर थबकलो. फळ्यावर ‘पाणी जपून वापरा’च्या खाली कुणीतरी लिहिलं होतं: ‘(मांजर वगळून)’. गल्ली समजते, हे बिराजदार मास्तरांचं काम. पण पोरीचा हात धरून पाटीवर मीच गिरवून घेतलेलं अक्षर मी ओळखणार नाही का? अजून तसंच आहे. पुसत का नाही म्हणून लोक विचारतात. मी सांगतो, पुसायला ओलं फडकं लागतं, आणि असल्या फालतू कामासाठी पाणी वाया घालवणं अध्यक्षांना शोभत नाही.