राणीच्या अंगाईतलं ते हसू

मी जबलपूरला गेले ती एका मालिकेपायी. हसा खुशाल! राजघराण्यांच्या मालिका म्हणजे माझा जीव की प्राण, आणि त्यातही नर्मदाकाठच्या राणीची ही मालिका सर्वांत लाडकी. तिच्यातली अंगाई माझ्या फोनची रिंगटोन आहे. शब्द नाहीत, नुसत्या गुणगुणणाऱ्या बायका आणि शेवटी राणीचं खुदकन हसू. ‘याला म्हणतात त्या मातीतलं अस्सल संगीत,’ असं याच ब्लॉगवर मी ठासून लिहिलं होतं.

पुण्याहून जबलपूरला थेट गाडी आहे, पण आरक्षण लवकर करा. उतरल्याबरोबर मी भेडाघाट गाठला. होडीचं भाडं चढण्याआधीच ठरवून घ्या. दोन्ही बाजूंना संगमरवराचे उंच कडे, मधून संथ नर्मदा. अगदी मालिकेतल्यासारखं! फक्त राजवाडा कुठे दिसेना.

“भैया, रानी का महल किधर है?”

“महल?” नावाडी वल्हं थांबवून हसला. “दीदी, वो तो कंप्यूटर में बना था. यहाँ तो सिर्फ पत्थर की शूटिंग हुई.”

मी गारच पडले. म्हटलं, जाऊ दे, संगीत तरी इथलं आहे ना.

मुक्काम जबलपूरच्याच गोरखपूर भागात, मावशीकडे. मावशी लग्न होऊन नागपूरहून इथे आली. तिचे यजमान संरक्षण खात्याच्या कारखान्यात होते, तेव्हापासून ते इथलेच. संध्याकाळी मावशी खोव्याची जिलबी घेऊन आली (जबलपूरला येऊन ही न खाता परत जाऊ नका), तेवढ्यात माझा फोन वाजला. ताटली धाडकन खाली! मावशीचा चेहरा पांढराफटक.

“अवं, कुसुम काहून गाऊन राहिली तुझ्या फोनात?”

कुसुमकाकू म्हणजे मावशीची जिवलग मैत्रीण. गेल्या वर्षी वारली. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला.

ही त्या मालिकेतली अंगाई आहे म्हटल्यावर मावशीनं सगळं सांगितलं. कोणी संगीतवाले आले होते, त्यांना इथल्या बायकांचे आवाज पाहिजे होते. इथल्या सदर भागातल्या एका हॉलमध्ये मराठी महिला मंडळालाच बोलावलं.

“म्हणे, यहाँ का कोई पुराना गीत गाइए. आम्हाला कुठचं येते इथलं? कुसुम म्हणे, चलो, भुलाबाईची चाल धरू, शब्द गाळून टाकू. त्यांना काय समजते! गाणं संपलं आन् तिला हसूच आवरेना. ते टीव्हीवर आलं, हे आम्हाला सांगायलाही कोणी आलं नाही.”

अहो, भुलाबाई! शरदात विदर्भातल्या पोरीबाळी फेर धरून गातात ती! तिला मी राणीची अंगाई समजून छातीशी धरून बसले होते! मला हसावं की रडावं कळेना.

मावशी मात्र सांडलेली जिलबी गोळा करत म्हणाली, “तिच्या मिस्टरांजवळ फोटो ढीगभर आहेत, आवाज एक नाही. तो कसा होता हेच आठवत नाही म्हणून रडतात. त्यांना ऐकवायचं का गं? सहन होईल?”

सकाळी भीतभीतच ऑटोनं अधारताल भागात कुसुमकाकूच्या घरी गेलो. काकांनी चहा केला. मी फोन पुढे धरला. गाणं चाललं तोवर काका नुसते बघत होते. शेवटी ते हसू आलं आणि त्यांनी हातातला कप खाली ठेवला.

“ही कुसुम आहे,” ते म्हणाले. “अशीच हसे, लबाडी केली की.” मग ओक्साबोक्शी रडले. मी घाबरून फोन मागे घेतला, तर त्यांनी माझं मनगटच धरलं. “अच्छा, लाव बरं परत.”

निघताना मी त्यांच्याही फोनला तीच रिंगटोन लावून दिली.

पुण्याला पोचल्याचं कळवायला मी काकांना फोन केला. उचलला नाही. परत केला, तरी नाही. ऐकवून चूक तर नाही ना केली? मी घाईघाईनं मावशीला फोन लावला. “काका फोन उचलत नाहीयेत, कोणाला तरी पाठव बघायला!”

“बरे आहेत ते,” मावशी म्हणाली. “कोणाचाच फोन उचलत नाहीत तू गेल्यापासून. उचलला का गाणं थांबते ना!”

मावशीचा फोन ठेवला, काकांचा नंबर पुन्हा लावला आणि शेवटपर्यंत वाजू दिला.