नक्कल कशासाठी हवी

नक्कलबाईंचा आवाज त्यांच्या टेबलापलीकडे ऐकू जात नसे, आणि तरीही अकोल्याच्या कोर्टासमोर आलेली बाई आधी त्यांच्याकडेच जायची. मी त्यांच्यावर जळायचे. उगाच गोड शब्दांत सांगत नाही, जळायचेच. माझ्याकडे महिला संघटनेचा बॅनर होता, भोंगा होता, ‘कागद आमच्या हक्काचा’ असं ठळक छापलेली पत्रकं होती. त्यांच्याकडे झेरॉक्सच्या दुकानाच्या सावलीत एक घडीचं टेबल, दोन स्टुलं आणि दोऱ्यानं बांधून ठेवलेलं पेन. बाया माझं पत्रक घ्यायच्या, ते खाली अंथरून त्यावर बसायच्या आणि नंबर मात्र बाईंच्या टेबलाशी लावायच्या.

कोर्टातून जुन्या निकालाची सही-शिक्क्याची नक्कल काढायची तर अर्ज करावा लागतो. तो लिहून देणं हा बाईंचा धंदा, म्हणून त्या नक्कलबाई. आधी तिथं त्यांचे यजमान टाइपरायटर घेऊन बसत. ते गेले, आणि चौदाव्या दिवशी बाई त्यांच्या जागी येऊन बसल्या. कुठल्याही प्रकरणाचा अर्ज लिहायच्या, पण गर्दी घटस्फोटवाल्यांची. निकालाचा कागद कुणाच्या भावाकडं राहिलेला, कुणाचा वाळवीनं खाल्लेला, आणि आता रेशनकार्डावर नाहीतर पोरांच्या दाखल्यावर तोच मागितलेला.

बाईंचा पहिला प्रश्न ठरलेला असे. “कोर्टातलं का स्टँपावरचं?” अकोटच्या एका बाईला मी चार वेळा कोर्टात नेलं होतं. ‘नोंद सापडत नाही’ असं उत्तर आलं की मी आवाज चढवायचे. पाचव्या खेपेला तिनं मला न सांगता नक्कलबाईंसमोर पिशवी उघडली. आत शंभराचा स्टँपपेपर. ‘आजपासून आमची फारकत झाली’ असं लिहिलेलं, खाली दोन्हीकडच्या पंचांच्या सह्या. बाईंनी तो दोनदा वाचला. “माय, हे कोर्टात कधी गेलंच नाई. तं नक्कल कशाची काढू?” ती रडायला लागली. बाईंनी तिला रडू दिलं, पाणी दिलं आणि फुकट वकील कोणत्या खोलीत भेटतो ते हातानं दाखवलं. मी शेजारी भोंगा धरून उभी. त्या वेळी मला तिचं दुःख दिसलं असं लिहायला बरं वाटलं असतं. पण नाही. माझी बाई यांनी पळवली, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

मला त्या लीडरबाई म्हणत. “लीडरबाई, भोंगा जरा तिकडे करा, हिचं आयकू येऊन नाई राहिलं.” मी नवं पत्रक दिलं की चष्मा लावून शेवटच्या ओळीपर्यंत वाचायच्या, मग त्याची चौपदरी घडी करून टेबलाच्या आखूड पायाखाली सारायच्या. “कागद मजबूत वापरता बाप्पा तुमी. टेबल हालत नाई.” ही चेष्टा होती की कौतुक, ते त्यांच्या चेहऱ्यावरून कधी कळलं नाही. मी चेष्टाच धरली.

निकालाचं साल कुणाच्याही लक्षात नसायचं. नोंद शोधायला साल तर पाहिजेच. मी म्हणायचे, “नीट आठवा ताई, हा तुमच्या हक्काचा प्रश्न आहे.” हक्क म्हटल्यानं कुणाला काही आठवल्याचं मला आठवत नाही. बाई विचारायच्या, “निकाल लागला तवा पोरगं रांगत होतं का चालत होतं?” समोरचीला लगेच आठवायचं. पुढचा हिशेब बाई बोटांवर करायच्या आणि अर्जात मागचं-पुढचं एकेक सालही टाकायच्या.

मग माझ्याच आईची वेळ आली.

आमचं घर अमरावतीला. आई चांदूर बाजारहून तिथं फुलं आणून विकते. तिचं सासर अकोटचं, घटस्फोट अकोल्यात झालेला. एक दिवस हार ओवता ओवता ती म्हणाली, “मले त्या निकालाची नक्कल पाह्यजे.” मी म्हटलं, “कायले?” ती म्हणाली, “असंच. कामाले येते.” मी ताडलं, निराधार योजनेसाठी असणार. आणि खरं सांगते, मला आनंदच झाला. निदान या बाईचा अर्ज तरी नक्कलबाईंच्या टेबलावर जाणार नव्हता.

अर्ज मीच लिहिला. अर्जदार म्हणून आईचं नाव रेखा, पुढं माझ्या आजोबांचं नाव, मग माहेरचं आडनाव. बाई नवऱ्याच्या नावानं ओळखली जाणार नाही हे आमच्या संघटनेचं धोरण आहे, आणि ते मी कोर्टाच्या अर्जातही राबवलं. साल अंदाजानं टाकलं. ‘नक्कल कशासाठी हवी’ या रकान्यात लिहिलं, ‘शासकीय योजनेसाठी’. कारकुनानं जुन्या नोंदवह्या काढून पाहिल्या आणि या नावाची अर्जदार नाही म्हणून सांगितलं. मी माहितीचा अधिकार टाकला. उत्तर आलं, नकलेसाठी नक्कल विभागाकडे अर्ज करावा. झालं! मी पत्रक काढलं. मथळा, ‘आमच्या आयांच्या नोंदी कुणी गिळल्या?’

ते वाटायला गेले त्या दिवशी आईही सोबत आली होती. मी फाटकाशी घोषणा देत होते. दोन घोषणांच्या मध्ये वळून पाहिलं, तर आई नक्कलबाईंच्या स्टुलावर. माझी स्वतःची आई! भोंगा बंद करून मी तिच्या मागं जाऊन उभी राहिले.

बाई विचारत होत्या, “सासरी काय नाव ठेवलं होतं तुहं?”

आई बराच वेळ पायाच्या अंगठ्याकडं पाहत होती. बाई पेन धरून बसून राहिल्या. शेवटी आई म्हणाली, “भाग्यश्री.”

हे नाव मी जन्मात ऐकलं नव्हतं. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं लिहून माझ्या आईचं नाव बदललं होतं. वकिलानं तेच याचिकेत घातलं, आणि नोंदवहीत ती सासरच्या नावानं, सासरच्या आडनावानं बसून होती. कारकून खरं बोलत होता. नोंद कुणी गिळली नव्हती. आमच्या धोरणामुळं ती सापडत नव्हती.

“अन् हे लीडरबाई तवा केवढी होती?”

“हिचे समोरचे दोन दात पडले होते. निकालाच्या दिवशी इथंच पेरूसाठी रडली, अन् घेऊन देला तं चावताच नाई आला.”

बाईंनी माझ्या तोंडाकडं एकदा पाहिलं, बोटं मोजली आणि साल लिहिलं. माझ्या दातांवरून! मग पुढच्या रकान्यावर पेन ठेवलं. “नक्कल कशासाठी पाह्यजे?”

“योजनेसाठी लिहा,” मी मागून म्हटलं.

बाईंनी काहीच लिहिलं नाही. आईकडं पाहत राहिल्या. आई पदराचा काठ दुमडत होती, उलगडत होती.

“लग्नासाठी,” आई म्हणाली.

“कोणाच्या व?”

“माह्या.”

बाई हसल्या नाहीत, चमकल्या नाहीत. ‘पुनर्विवाहासाठी’ असं सरळ अक्षरात लिहिलं आणि मग विचारलं, “कोण हायेत?”

“रिद्धपूरचे. आमच्या गाडीवर कंडक्टर होते, आता रिटायर झाले. घरची वारली त्यायची. माह्या फुलाच्या टोपल्या टपावर चढवून देत.”

“मंग उतरवून बी देत होते का?”

“हाव.”

“मंग चांगले हायेत.”

आई हसली. तोंडावर पदर धरून, मान खाली घालून, शाळकरी पोरीसारखी. असं हसताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं, आणि ते हसू त्या टेबलवालीला मिळालं होतं. मला लग्नाचा धक्का बसला नाही. विधवा-परित्यक्तांच्या पुनर्विवाहावर मी स्वतः दोन पत्रकं लिहिली आहेत. मला लागलं ते दुसरंच. मी मूर्तिजापूर येईपर्यंत आईशी बोलले नाही.

नक्कल पंधरा दिवसांनी हातात आली. कारकुनाची माफी मागणारं पत्रक काढायला हवं होतं. मी काढलं नाही, उरलेला गठ्ठा तेवढा रद्दीत घातला. लग्न नोंदणीला साक्षीदार लागतात, म्हणून आई मला घेऊन पुन्हा अकोल्याला गेली, बाईंना अमरावतीला बोलवायला. बाई नको म्हणाल्या. “सही पोरीची घे. माहं काय काम तथी?” मग माझ्याकडं वळून, “लीडरबाई, घोषणेच्याच जोसात सही करजा. भोंगा नेऊ नका फक्त.” सही मी केली. रजिस्टरवर वाकले तेव्हाही वाटत होतं, आईनं आधी त्यांनाच विचारलं.

मागच्या उन्हाळ्यात नक्कलबाई गेल्या. कोर्टासमोरच्या झेरॉक्सवाल्यानं फोन केला, तोही आईला. माझा नंबर त्याच्याकडं सगळ्या पत्रकांवर छापलेला होता. आईनं त्या दिवशीचा मोगरा विकला नाही, पूर्ण टोपली घेऊन अकोल्याला गेली. संध्याकाळी परतली तेव्हा डोळे सुजलेले होते. आजी गेली तेव्हा ती एवढी रडली नव्हती. गेलेल्या माणसावर कुणी जळतं का? मी जळत होते. इतक्या दिवसांचं मग तोंडातून बाहेर पडलंच.

“मी तुही पोरगी. बायायच्या हक्कासाठी रोज वरडते. अन् लग्नाचं तू पह्यले तिले सांगतलं. काहून? मी बी तं इचारलं होतं तुले.”

आई रिकामी टोपली पाण्यानं धूत होती.

“इचारलं होतं ना,” ती म्हणाली. “ती आयकाले थांबली.”